बिभाताईंच्या काचा

आज थोडा वेगळा विषय घेऊन आलोय. मागच्या महिन्यात शेळीच्या लसीकरणावर बोललो, त्याआधी बँकेच्या कर्जाच्या हप्त्यांवर. आजचा विषय आहे अणूच्या पोटातले कण. रेडिओ बंद करू नका. आम्हालाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. आमच्या चौघींपैकी एकीनं इतिहास घेऊन बी.ए. केलंय, दोघी दहावी, एक सातवी. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीच्या पेपरापर्यंतचाच. पण एका बाईचं नाव कानावर आलं, आणि तिचं काम समजून घेता घेता आमच्या तीन बैठका गेल्या. हप्ते गोळा झाले की वही मिटायची आणि ह्यावर बोलायचं, असं चाललं होतं.

त्या बाईंचं नाव बिभा चौधुरी. आपल्याकडे विभा म्हणतात ना, तेच नाव; बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो. विभा म्हणजे प्रकाश. त्यांचा जन्म ३ जुलै १९१३ चा, कलकत्त्याचा. घराणं हुगळी जिल्ह्यातल्या जमीनदारांचं, वडील डॉक्टर, आई ब्राह्मो समाजातली. ब्राह्मो समाजात मुलींना शिकवायची पद्धत होती, म्हणून बिभाताई शिकल्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना लोक ‘गरिबीतून वर आल्या’ असं काहीतरी जोडून टाकतात. त्या खात्यापित्या घरच्या होत्या. त्यांची अडचण पैशाची नव्हती, वेगळीच होती.

१९३६ साली त्या कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या. वर्गात बाई म्हणून त्या एकट्याच. पुढे संशोधन करायचं म्हणून त्या प्राध्यापक देबेंद्र मोहन बोस यांच्याकडे गेल्या. हे मोठे शास्त्रज्ञ, जगदीशचंद्र बोस यांचे भाचे. त्यांनी सांगितलं, बायकांना देण्याजोगं काम माझ्याकडे नाही. बिभाताई हटल्या नाहीत. शेवटी त्यांनी घेतलं. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, बोस हे कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले आणि बिभाताईही तिथे काम करू लागल्या.

आता ते काम काय होतं, हे सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

हात पुढे करा, तळवा आभाळाकडे. आत्ता तुम्ही हे ऐकताय, तेवढ्यात त्या तळव्यातून आरपार काही कण निघून गेले. साधारण सेकंदाला एक. दुखत नाही, दिसत नाही. छपरातून, कौलातून, आपल्या हाडांतून ते जातात आणि खाली जमिनीतही शिरतात. अवकाशातून सतत एक मारा पृथ्वीवर होत असतो, त्याला वैश्विक किरण म्हणतात. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ फुग्यात बसून वर गेला, तेव्हा ह्याचा पत्ता लागला. हे किरण खूप उंचावर हवेच्या कणांवर आदळतात आणि त्यातून नव्या कणांचा पाऊस खाली पडतो. एका कणाच्या टकरीतून लाखो कण. आपल्या तळव्यातून जातात ते ह्याच पावसातले.

त्या काळात जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे एक कोडं होतं. अणूच्या मधोमध जो गाभा असतो, तो घट्ट बांधून कोण ठेवतं? जपानच्या युकावांनी १९३५ मध्ये कागदावर गणित मांडून सांगितलं, की ह्या कामासाठी एक कण असला पाहिजे, इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे दोनशे पट जड. आणि दोनच वर्षांत अमेरिकेत वैश्विक किरणांमध्ये साधारण तेवढ्याच वजनाचा कण सापडला. त्याला मेसोट्रॉन म्हणू लागले. तो हाच की दुसरा? त्याचं वजन नेमकं किती? ह्या प्रश्नामागे सगळे लागले होते.

वजन करायचं म्हटलं तरी तराजूत कसं टाकणार? १९३८ च्या जानेवारीत कलकत्त्यात सायन्स काँग्रेसचं मोठं अधिवेशन भरलं होतं, परदेशातून शास्त्रज्ञ आले होते. त्यांच्याकडून बोसांना एक युक्ती कळली. फोटोची काच वापरायची. आपल्यातल्या जुन्या बायकांना आठवत असेल, पूर्वी फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालायचा. त्याच्या पेटीत काच असायची, तिच्यावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षाराचा थर. उजेड पडला की चांदी काळी पडते. कण त्या थरातून गेला तरी हेच होतं. काच औषधात धुतली की कणाच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. रांग इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावी.

त्या रांगेवरून वजन कसं काढायचं, हे आम्हाला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी आमच्यातल्या सातवी शिकलेल्या बाईनंच ते सोडवलं. ती म्हणाली, बैलगाडीच्या चाकोरीसारखंच की. भरलेली गाडी सरळ जाते, रिकामी दगडावरून उडते, वाकडीतिकडी होते. नेमकं तसंच. हलका कण वाटेत धक्के खाऊन जास्त वळतो, जड कण सरळ जातो. आणि कण मंदावला की ठिपके दाट पडतात, वेगात असला की विरळ. ठिपके मोजायचे, वळण मोजायचं, दोन्हींचा मेळ घालायचा आणि गणितानं वजन काढायचं. सांगायला दोन वाक्यं. पण ते करायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसचे दिवस काचेचा कानाकोपरा धुंडाळावा लागतो. तांदूळ निवडल्यासारखं. फरक इतकाच, की इथे खडा टाकून द्यायचा नसतो, खडाच शोधायचा असतो.

काचा ठेवल्या हिमालयात. जितकं उंच जाल तितकी डोक्यावरची हवा कमी आणि कणांचा पाऊस जास्त. दार्जिलिंगला, साधारण सात हजार फुटांवर. सांदकफूला, जवळजवळ बारा हजार फुटांवर. आणि तिबेटातल्या फारी जोंगला, चौदा हजारांच्याही वर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, साडेपाच हजार फुटांचंही नाही. ह्यावरून अंदाज करा. काचा कित्येक महिने तिथे नुसत्या ठेवून द्यायच्या, मग खाली आणून धुवायच्या आणि मोजायला बसायचं.

१९४० ते १९४२ ह्या काळात बोस आणि चौधुरी ह्या दोन नावांनी इंग्लंडच्या ‘नेचर’ ह्या नियतकालिकात लेख आले. शास्त्रज्ञांच्या जगात ‘नेचर’मध्ये छापून येणं म्हणजे मोठी गोष्ट. त्यांनी लिहिलं, की काचेवर प्रोटॉनचा माग वेगळा ओळखू येतो आणि मेसोट्रॉनचा वेगळा. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड असतो. आणि ह्या हलक्या कणाचं वजन त्यांनी काढलं साधारण दोनशे पट. बोसांनी आधी ‘बायकांसाठी काम नाही’ म्हटलं होतं खरं, पण लेखावर तिचं नाव आपल्या शेजारी छापलं, हेही त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं. ते छापलं नसतं तर आज आम्ही हे बोलत नसतो.

मग काम अडलं. ज्या काचा त्यांना मिळत होत्या, त्यांच्यावरचा चांदीचा थर साधा, फोटोच्या कामाचा. माग पुसट यायचे, ठिपके विरळ. नेमकं मोजायचं तर जास्त चांदीच्या चांगल्या काचा हव्या होत्या, आणि महायुद्धामुळे त्या भारतात मिळेनात. तो काळही तसाच. १९४२ च्या डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बाँब पडले, पुढच्या साली बंगालचा भीषण दुष्काळ. अशात काचा कुठून यायच्या?

युद्ध संपलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल नावाचे शास्त्रज्ञ होते. कारखान्यानं त्यांना नव्या, दाट चांदीच्या काचा बनवून दिल्या. त्यांनीही त्या डोंगरावर ठेवल्या, आधी युरोपात पिरेनीजमध्ये आणि मग दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियात. १९४७ मध्ये त्यांच्या काचांवर दिसलं, की कण एक नाही, दोन आहेत. एक पायॉन, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७३ पट जड, तोच युकावांचा. तो पटकन फुटतो आणि त्यातून निघतो दुसरा, म्यूऑन, सुमारे २०७ पट. आपल्या तळव्यातून जातात ते बहुतेक हे म्यूऑन. १९५० साली पॉवेलना ह्यासाठी नोबेल मिळालं.

इथे आमच्यात भांडण झालं. दोघींचं म्हणणं, सरळ सरळ बाईवर अन्याय झाला, बक्षीस तिचं होतं. आम्ही पुन्हा सगळं नीट पाहिलं. बोस आणि बिभाताईंच्या काचांवर एकाचे दोन कण वेगळे दिसले नव्हते. तेवढं स्पष्ट दिसायला ती काचच पुरी पडत नव्हती. तेव्हा पॉवेलनी त्यांचं काम चोरलं असं म्हणता येत नाही. उलट पॉवेलनी आपल्या पुस्तकात ह्या दोघांच्या आधीच्या कामाची दखल घेतली आहे. वाट यांनी आधी धरली होती, एवढं मात्र पक्कं. पुढे जायला ज्या काचा लागत होत्या त्या मिळाल्या असत्या तर काय झालं असतं, ह्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

आणि अन्याय मोजायचाच तर ह्याच काचांच्या गोष्टीत आणखी एक बाई आहे. व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ. ह्या कामाला काच वापरण्याची पद्धत घडवण्यात त्यांचे हात पहिले. १९३७ मध्ये त्यांनी आणि हेर्था वाम्बाखर ह्यांनी डोंगरावर ठेवलेल्या काचेत अणूचा गाभा फुटून चांदणीसारख्या रेघा पसरलेल्या पाहिल्या. ब्लाऊ ज्यू होत्या. १९३८ मध्ये नाझी आले आणि त्यांना देश सोडावा लागला. नोबेल त्यांनाही नाही. ब्रिस्टलमध्येसुद्धा काचा तपासायला बायकाच बसवलेल्या होत्या. तो पहिला फुटलेला पायॉन एका तपासनीस बाईच्या डोळ्यांना दिसला. निदान तिथे लेखातल्या चित्राखाली ‘हे अमुक बाईंनी पाहिलं’ असं नाव छापलं.

ह्यावरून आमच्याच गटातली गोष्ट निघाली. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आमच्या ज्वारीच्या पापडाला बक्षीस मिळालं. तो पापड बसवला होता गटातल्या एका वयस्कर मावशींनी. खाराचं प्रमाण, पीठ किती वेळ उकडायचं, सगळं त्यांचं. प्रमाणपत्रावर नाव आलं दुसऱ्याच बाईचं, कारण फॉर्मवर सही तिची होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मावशी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या प्रदर्शनाला आल्याही नाहीत. तेव्हापासून आमच्या इतिवृत्ताच्या वहीत ‘पापड केले’ असं लिहीत नाही. कुणी मळलं, कुणी लाटलं, प्रमाण कुणी ठरवलं, तेही लिहितो. सचिव कुरकुर करते, पानं जास्त लागतात म्हणून.

असो. बिभाताई पुढे गेल्या. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. इथे काच नव्हती, वाफेची पेटी होती. विमान गेल्यावर आभाळात पांढरी रेघ राहते ना, तसा ह्या पेटीतून कण गेला की त्याच्या मागे धुक्याची बारीक रेघ उमटते आणि तिचा फोटो काढायचा. कणांचा तो जो पाऊस पडतो, त्यातले आरपार जाणारे कण हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. त्या तिथे असतानाच, १९४८ मध्ये, ब्लॅकेटना नोबेल मिळालं. तिथल्या एका वर्तमानपत्रानं भारताच्या ह्या नव्या बाई शास्त्रज्ञाची ओळख छापली, मुलाखत घेतली. त्यात त्यांनी खंत सांगितली, की भौतिकशास्त्रात बायका फार थोड्या आहेत.

इंग्लंडहून त्या आल्या आपल्या मुंबईला. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था नुकतीच उभी केली होती. आज ती कुलाब्याला समुद्राकाठी मोठ्या इमारतीत आहे, पण १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. त्या संस्थेत रुजू झालेल्या पहिल्या महिला संशोधक म्हणजे बिभाताई. म्हणजे गेटवेला बोट बघायला जाणारे आपल्यातले कितीतरी लोक त्या दारावरून गेले असतील. १९५७ पर्यंत त्या तिथे होत्या. मधल्या काळात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातही जाऊन आल्या.

नंतर अहमदाबाद. तिथे विक्रम साराभाईंची भौतिक संशोधन प्रयोगशाळा होती. ह्या काळात त्यांचं काम कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींशी जोडलं गेलं. आधी डोंगरावर आणि आता पाताळात, हे काय प्रकरण, असं आम्हालाही वाटलं. पण पीठ चाळल्यासारखंच ते आहे. शेकडो फूट खडक ही चाळण. बाकीचे कण वरच्या वर अडकतात आणि खोलवर पोचतात ते फक्त सगळ्यात ताकदवान म्यूऑन. खाली उपकरण ठेवलं की तेवढेच निवडून मिळतात. कोलारच्या खाणी जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी, दोन किलोमीटरहूनही खोल, म्हणून हे तिथे जमलं. वर बायामाणसं सोन्याच्या दगडावर पोट भरत होती आणि खाली हे लोक आभाळातून आलेले कण मोजत होते.

साराभाई १९७१ च्या डिसेंबरात अचानक गेले. बिभाताईंना माउंट अबूवर एक नवा प्रयोग करायचा होता, कणांच्या पावसातून निघणाऱ्या रेडिओ लहरी पकडण्याचा. संस्थेची त्याला परवानगी मिळाली नाही. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कलकत्त्याला परतल्या. तेव्हा त्या साठीला आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, घर सांभाळत निवांत राहता आलं असतं. त्या तिथल्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांबरोबर काम करत राहिल्या. त्यांचा शेवटचा शोधनिबंध १९९० मध्ये छापला गेला. २ जून १९९१ ला त्या गेल्या. म्हणजे पहिल्या लेखापासून शेवटच्या लेखापर्यंत पन्नास वर्षं.

आता ह्या पन्नास वर्षांत काय मिळालं बघा. देशातल्या मोठ्या विज्ञान अकादम्या निवडक शास्त्रज्ञांना सदस्य करून घेतात, त्याला फेलो म्हणतात. त्यांपैकी एकीनंही त्यांना फेलो केलं नाही. मोठा पुरस्कार नाही. २००८ मध्ये भारतातल्या शंभराच्या आसपास महिला शास्त्रज्ञांवर ‘लीलावतीज डॉटर्स’ नावाचं चांगलं पुस्तक निघालं, बायकांनीच खपून केलेलं. त्यातही ह्यांचं प्रकरण नाही. नोबेलचं जाऊ द्या, त्यावर दोन बाजूंनी बोलता येतं. पण घरचीच माणसं विसरली, ह्याला दुसरी बाजू आम्हाला तरी सापडली नाही. आमच्या त्या दोघी अजून नोबेलवरच अडून बसल्यात, ते वेगळं.

राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय ह्या दोघांनी २०१८ मध्ये बिभाताईंवर पुस्तक काढलं आणि मग लोकांना त्यांचं नाव कळू लागलं. त्या दोघांना शोधायला हाताशी काय होतं? छापलेले लेख, जुनी पत्रं, संस्थांच्या नोंदी. बिभाताईंनी स्वतःबद्दल फारसं लिहून ठेवलं नव्हतं.

२०१९ मध्ये जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेनं प्रत्येक देशाला एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायला सांगितलं. भारताच्या वाट्याला आलेला तारा साधारण ३४० प्रकाशवर्षं दूर आहे. लोकांकडून नावं मागवली, मतं घेतली. सुरतच्या एका विद्यार्थ्यानं सुचवलेलं ‘बिभा’ हे नाव ताऱ्याला मिळालं. ग्रहाला नाव दिलं ‘संतमस’. संस्कृत शब्द, ढगांनी झाकलेला अशा अर्थानं घेतलेला. ते सुचवणारा पुण्यातला शाळकरी मुलगा.

तारा कुठे आहे, हे आम्ही विचारून घेतलं. सिंह राशीच्या थोडा खाली, दक्षिणेला. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकतो ना, तेव्हा रात्री डोक्यावर सिंह रास असते. पण नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, लहान का होईना, दुर्बीण लागते. तालुक्याच्या शाळेत दुर्बीण आहे म्हणतात; आम्ही अर्ज दिलाय.

तो संतमस ग्रह आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो, की तिथलं एक वर्ष आपल्या दोन दिवसांहून जरासंच मोठं. हे ऐकल्याबरोबर आमच्या खजिनदार बाई म्हणाल्या, “मग तिथे कर्ज काढू नका गं बायांनो. सोमवारी घेतलं की बुधवारी वर्षाचं व्याज उभं.”